गवंड्याचा तळहात

माझ्या साडूला सगळे थर्मामीटर म्हणायचे. नाव मीच ठेवलेलं, आणि त्याला ते आवडायचं. धंदा गवंड्याचा, थंडीत घर उबदार ठेवायला भिंतीतल्या उघड्या शेगडीत लाकडं जाळायची लोखंडी पेटी बसवण्यात त्याचा हातखंडा. पेटी बसली की तो ती दिवसभर धगधगती ठेवायचा आणि मग वरच्या विटांवर तळहात टेकवून उभा राहायचा. हात निवांत टेकला तर भिंत ठीक. चटका बसला तर विटा काढा, मागे जास्त जागा सोडा, पुन्हा बांधा. कारण विटांमागच्या तुळईचं लाकूड सत्तर-ऐंशी अंशांवर रोज शेकत राहिलं, तर आतल्या आत त्याचा कोळसा होत जातो, आणि एक दिवस ते पेटतं.

पुढे गुडघ्यांचं निमित्त सांगून त्यानं काम सोडलं. पण लेकीनं नवं घर घेतलं, तेव्हा पेटी त्यानंच बसवली. पेटीबरोबर विटांवर चिकटवायचं तापमापक आलं होतं.

"बाबा, हे लावू या का?" लेकीनं विचारलं.

"बाप मेलाय का तुझा?" म्हणत त्यानं ते खिडकीत ठेवलं आणि विटांवर हात टेकवला. बराच वेळ ठेवला. "काही नाही गं. खुशाल झोपा."

दुसऱ्या हिवाळ्यात भिंतीतली तुळई पेटली. लेक-जावई नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडले. घर गेलं.

जळक्या भिंतीपाशी साडू मला म्हणाला, "गुडघे धडधाकट आहेत रे माझे. साखरेनं हात बधिर झालेत."

माझं डोकंच फिरलं. "परक्यांच्या घरांची काळजी म्हणून काम सोडलंस, आणि पोटच्या पोरीच्या घरी खुशाल हात टेकवलास?"

"तिनं किती हौसेनं बोलावलं होतं. तिला कुठल्या तोंडानं सांगू?"

शेवटी तिला मीच सांगितलं.

आता लेक-जावई आमच्या मागच्या खोलीत राहतात. साडू येतो, खाटेच्या कडेला बसतो, भिंतीकडे बघत राहतो. परवा ती शेजारी येऊन बसली आणि तिनं त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. तो भिंतीकडेच बघत होता.

"बाबा," ती म्हणाली, "हात धरलाय मी तुमचा."

त्यानं खाली बघितलं. "हो का?" म्हणाला.