अब्बांच्या फोनवरचं नाव

परवा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात तापलेल्या डिंकाचा वास आला आणि म्हसळ्यातली ती दुपार आठवली. अब्बा आखातातली नोकरी सोडून कायमचे घरी आले होते. त्यांचा फोन सुरू केला की तिथल्या मोबाइल कंपनीचं नाव हिरव्या अक्षरांत झळकायचं, अरबी धून वाजायची, आणि कंपनीची ॲप काही केल्या निघत नसत. आता सिम इथलं आहे, मग हे कशाला, म्हणून मी फोन दुकानात नेला. दुकानदाराने फोटो सांभाळून त्यात कंपनीचं नाव नसलेलं साधं सॉफ्टवेअर टाकलं. घरी अब्बांनी फोन चालू केला, बंद केला, पुन्हा चालू केला. "नाव कुठं गेलं?" "काढून टाकलं, अब्बा. आता तुम्हाला परत थोडंच जायचंय?" त्यांनी पडद्यावरून अंगठा फिरवला. "व्हय, आता जायचं न्हाय," असं म्हणाले, पण स्वतःलाच सांगितल्यासारखं. मी गोंधळले. "पहिल्यासारखं करून आणू का?" त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे मला कळलं नाही, आणि पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. आता अब्बा नाहीत. त्यांनी मान कशासाठी हलवली होती, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.