दाजींच्या गाडीची मागची सीट

घरबसल्या नोकरी करायला मिळाली म्हणून सुतक पाळणारा जगात एकच माणूस असेल, आणि तो माझ्या बहिणीचा नवरा आहे. आम्ही त्यांना दाजी म्हणतो. मोहोळजवळच्या एका कंपनीच्या खरेदी विभागात ते नोकरीला. सोलापुरातल्या घरापासून ऑफिस पस्तीसेक किलोमीटर, आणि हा रस्ता त्यांनी सतरा वर्षं मोटारसायकलवरून केला. मग एका शनिवारी संध्याकाळी साहेबांनी जाहीर केलं, की ऑफिसची जागा सोडतोय, संगणकावरच्या मंडळींनी सोमवारपासून घरूनच काम करायचं. बाकीच्यांनी एकमेकांना पेढे भरवले. दाजी घरी आले आणि न जेवता झोपले.

सोमवारी सकाळी सव्वाआठला ते बूटमोजे घालून, डबा घेऊन अंगणात हजर. गाडी पुसली, सुरू केली, पाच मिनिटं तशीच धडधडत ठेवली, बंद केली आणि आत येऊन खुर्चीवर बसले. हे रोज सुरू झालं. शेजारच्या काकांनी धुराची तक्रार केल्यावर ते चौकापर्यंत तीन फेऱ्या मारून कामाला बसू लागले. दुपारी एक वाजता डबा उघडून गार भाकरी खायची. बहीण म्हणायची, "आवो, तवा तापलाय, गरम वाढते की." त्यावर उत्तर एकच, "हापिसात गरम भाकरी कुटली?" संध्याकाळी काम संपलं की उंबऱ्यात उभं राहून "आलो गं" अशी हाक द्यायचे आणि ती बिचारी सवयीनं पाणी घेऊन यायची. मे महिन्यात दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, त्या उन्हाचीसुद्धा आठवण काढणारा सोलापूरकर मी दुसरा पाहिलेला नाही. "काय झळ लागायची तोंडाला!" असं ते पंख्याखाली बसून इतक्या हळहळीनं म्हणायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं माहेरच्या आमरसाबद्दल चाललंय. मी त्यांची भरपूर टिंगल केली. सगळ्या पाहुण्यांत ते किस्से रंगवून सांगितले. आज त्याची लाज वाटते.

कारण एका रविवारी बहिणीनं मला बाजूला घेतलं. "ह्यांना जेवन जाईना झालंय रे. बोलत बी न्हाईत. तूच इचार." मी विचारलं. बराच वेळ दाजी गाडीच्या आरशावरचा नसलेला डाग पुसत राहिले. मग म्हणाले, "पावनं, वाटंत एक मामा बसायचे माज्या मागं."

हे मामा म्हणजे अर्ध्या वाटेवरच्या फाट्यावरून मोहोळला जाणारे एक म्हातारे मेंढपाळ. मुलगी मोहोळात नर्स, तिची ड्युटी सुरू व्हायच्या आत नातीला सांभाळायला पोचायचं. सहा वर्षं दाजींनी त्यांना रोज मागे बसवून नेलं. तेवढ्या वाटेत मामा पाठीमागून बोलत असायचे. पाऊस, मेंढरं, नातीचे दात, सगळं. पण सहा वर्षांत दाजींनी त्यांचं नाव विचारलं नाही आणि मामांनीही दाजींचं. हा दाजींचा नियमच. "नाव इचारलं की आडनाव येतंय, आडनावाच्या मागनं जात येती. गाडीवर येवढ्यांना जागा कुटं हाय?" हे वाक्य मी त्यांच्याकडून पूर्वी शंभरदा ऐकलं होतं आणि शंभरदा वाहवा केली होती. त्या नियमापायी त्यांच्याकडे ना नाव होतं, ना फोन नंबर. त्या शनिवारी सकाळी मामांना मोहोळात उतरवून नेहमीसारखं "या, सोमवारी" म्हणून दाजी निघाले होते, आणि तो सोमवार आलाच नाही.

"मग सांगायला का गेला नाही?" मी विचारलं. सकाळी कॅमेऱ्यासमोर हजेरी असते, हे एक कारण झालं. खरं कारण ते खाली मान घालून बोलले. "वाटलं, आपन कोन त्येंचे? यष्टीनं जातील की. आज जाऊ, उद्या जाऊ, करत तीन म्हैने गेले."

मंगळवारी त्यांनी रजा टाकली आणि मला मागे बसवून निघाले. फाट्यावर मामा नव्हते. चहाच्या गाड्यावरच्या बाईनं दाजींना पाहिलं आणि तिच्या हातातली किटली तशीच राहिली.

"आगं बया! तुमी जित्ते हाय व्हय?"

मग तिनं सांगितलं. "पंधरा दिस म्हातारं हितंच हुबं ऱ्हायचं. यष्टी आली की म्हनायचं, जाऊ दे, सायेब येत्याल की. मग कुनीतरी म्हनलं, हायवेला गाडीवाला एकजन गेला. तवापास्नं सोलापूरच्या दवाखान्यात हेलपाटे घातले. तितली मानसं इचारायची, पेशंटचं नाव काय? ह्यो म्हनायचा, नाव न्हाय ठावं, मानूस लई चांगला हाय."

दाजी बाकड्यावर बसले.

"लेकीची बदली झाली पुन्याला, तिच्यासंगं गेलं. जायच्या दिशी तुमच्यासाटी हितं कावळ्याला घास ठिवून गेलं."

बाईनं दाखवलेल्या वाटेनं आम्ही मामांच्या वस्तीवर गेलो. घराला कुलूप होतं. आजूबाजूची माणसं मेंढरं घेऊन चाऱ्यामागं गेलेली. मागे राहिलेल्या एका म्हातारीला पुण्यात नेमकं कुठं, ते सांगता येईना. परत फाट्यावर येऊन दाजींनी एका कागदावर स्वतःचं नाव, आडनाव, पत्ता आणि फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहिला आणि त्या बाईच्या हातात दिला. "मामा गावच्या जत्रंला आले तर द्या." एवढं बोलून ते रस्त्याकडे तोंड करून रडले. मी त्यांना रडताना पहिल्यांदाच पाहत होतो.

परवा त्यांच्याकडे गेलो तेव्हा कॅमेऱ्यासमोर मीटिंग रंगात आली होती. अनोळखी नंबरवरून फोन आला. दाजींनी साहेबांना अर्ध्या वाक्यात सोडलं आणि पहिल्याच रिंगला उचलला. बहीण म्हणाली, हल्ली असंच करतात. बहुतेक वेळा पलीकडे विमा विकणारी एखादी मुलगी असते. दाजी तिला बोलूच देत नाहीत. "मी बरा हाय," ते घाईघाईनं म्हणाले, "मला काय झालेलं न्हाय," आणि मग पलीकडे कोण आहे, ते ऐकायला थांबले.