सकवारबाईंनी फोडलेली खिडकी

बंगळूरच्या चामराजपेटेतल्या गलाईच्या दुकानाला खिडकी होती. भगवंतरावांच्या वडिलांनी ती विटांनी बुजवली. सांगलीच्या विट्याकडून आलेले बहुतेक गलाईवाले तेच करत. सराफांचं जुनं सोनं-चांदी शिसं घालून भट्टीत शुद्ध करायचं, तर वाऱ्यानं कणही बाहेर जाता कामा नये. पंखा नाही. हात धुतलेलं पाणी बादलीत, केर पोत्यात. दोन्हींतून पुन्हा सोनं निघतं. धूर छातीत बसू नये म्हणून कामानंतर गुळाचा खडा खायचा.

१९९४च्या उन्हाळ्यात भगवंतरावांचं उजवं मनगट लुळं पडलं. सांडशी धरवेना. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. अंगात शिसं भिनलंय, भट्टीपुढे पुन्हा बसलात तर डावा हातही जाईल, असं त्यांनी सांगितलं.

"गूळ वाढवतो," घरी आल्यावर भगवंतराव म्हणाले.

"मामंजींनीही गूळच खाल्ला," सकवारबाई म्हणाल्या. "शेवटी घास मी भरवत होते."

"मग भट्टीवर बसणार कोण?"

"मी. रस कधी फिरतो, सोनं कधी शुद्ध झालं, ते मला दिसतं. पण बंद खोलीत नाही बसणार."

गलाईवाल्यांत बाई भट्टीवर बसत नाही. भगवंतराव हसले. दुसऱ्या दिवशी गवंडी नंजप्पा छिन्नी घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा हसले नाहीत.

"अक्का, स्वल्पच फोडू?"

"सगळी फोड, अण्णा."

"सोनं उडेल," भगवंतराव आडवे आले.

"उडेल तेवढं उडेल. बाजूला व्हा, डोक्यावर वीट पडेल."

खिडकी मोकळी झाली. भट्टीवर पत्र्याचं धुराडं बसलं, भिंतीत पंखा लागला. तोंडाला ओला पंचा बांधून सकवारबाई बसू लागल्या. भगवंतरावांनी बाहेर पायरीवर बसायचं, आत यायचं नाही, असं ठरलं. ते रोज कुरकुरत आणि रोज पायरीवरच बसत.

आठवड्यानं बिंदुमाधव सराफ आला. दुकानाचं निम्मं काम त्याचं. पंखा पाहून त्यानं पुरचुंडी हातातच धरली.

"वहिनी, माझा माल रस्त्यावर उडवणार का? खिडकी बुजवा, मग देतो."

"नाही बुजणार."

"मग मी दुसरीकडे जातो."

"जा. गल्लीत बाकी सगळ्यांच्या बंदच आहेत."

तो वाट पाहत थांबला. सकवारबाईंनी भट्टीकडे तोंड फिरवलं. मग तो गेला.

"मोठं गिऱ्हाईक होतं," पायरीवरून भगवंतराव म्हणाले.

"होतं," त्या म्हणाल्या आणि सांडशी उचलली.