अप्पांच्या इंजिनाची आंघोळ

समस्त रत्नागिरीकरांना, आणि विशेषतः पालीच्या माझ्या सासुरवाडीला, जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, घरातल्या कोणत्याही वस्तूवरची धूळ पुसण्याचा माझा अधिकार गेल्या खंडेनवमीपासून कायमचा काढून घेण्यात आला आहे. निर्णय एकमताने झाला. (मत एकच होतं. सुलभाचं.)

सुलभा म्हणजे माझी बायको. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देणं हा तिचा व्यवसाय. अर्ध्या रत्नागिरीचं हसू माझ्या बायकोच्या हातचं आहे, असं मी चारचौघांत अभिमानाने सांगतो, आणि ते ऐकून चारातले दोघे पटकन तोंड मिटून घेतात! पण तिचा खरा जीव आहे तो रेल्वेच्या वीतभर इंजिनांवर. ती खेळण्यातली इंजिनं, असं मी तिच्या माघारी म्हणतो. समोर 'मॉडेल' म्हणायचं असतं. रंग उडालेली, चाकं अडकलेली, कुणाच्या तरी मुलाने जिन्यावरून सोडलेली इंजिनं कुठून कुठून तिच्याकडे येतात आणि मागच्या पडवीतल्या छोट्या खोलीत भरती होतात. जुना रंग स्पिरिटमध्ये उतरवायचा, तुटलेली पायरी कवळीच्या मसाल्याने नवी घडवायची, दात्यांत अडकलेले केस चिमट्याने काढायचे, मग नवा रंग, एकावर एक पातळ थर. रंग फवारायचं तिचं यंत्र आजारी भुंग्यासारखं गुणगुणत असतं आणि त्या गुणगुणीतून हळूहळू असं काही इंजिन जन्माला येतं, की वाटतं आता आतून कुणीतरी डोकं काढून हिरवा झेंडा दाखवील!

एकदा तिला इंजिनाच्या काचेवर वायपर बसवताना मी पाहिलं. वायपर पापणीच्या केसाएवढा. तिने श्वास रोखला. मीही रोखला. तिने वायपर टेकवला आणि अलगद श्वास सोडला. मी शिंकलो. तो वायपर अजून सापडलेला नाही. तेव्हापासून मला त्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंतच प्रवेश आहे.

आता अप्पा. अप्पा म्हणजे सुलभाचे वडील, मुक्काम पाली. त्यांनी उभा जन्म डिझेल इंजिन चालवलं आणि त्या जन्मात एकच शब्द स्तुतीसाठी वापरला: "बराय." आमच्या लग्नातलं जेवण, बराय. नात डॉक्टर झाली, बराय. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तर तेही म्हणाले नाहीत, नुसतं "हं" म्हणाले. सुलभाने शाळेपासून चित्रं काढली, रांगोळ्यांची बक्षिसं आणली, वडिलांपुढे नेऊन ठेवली. प्रत्येक वेळी तेच. बराय.

तर या बाईने ठरवलं, की अप्पा निवृत्तीपर्यंत जे चालवत होते तेच इंजिन त्यांना करून द्यायचं. तसंच, त्याच नंबरचं, त्याच खुणांचं. मेहुण्याने मुंबईच्या जुन्या बाजारातून पिवळाजर्द, परदेशी थाटाचा एक मोडका सांगाडा आणून दिला. सुलभाने अप्पांच्या जुन्या फोटोंवर भिंग धरलं आणि महिनोन् महिने त्याचं धर्मांतर केलं. पिवळ्याचं निळं झालं. कठडे तारेचे वाकवले. नंबर एका केसाच्या ब्रशने लिहिला. ड्रायव्हरच्या दाराखाली एक पोचा होता, तोसुद्धा तिने दात कोरायच्या यंत्राने कोरला! मी उंबऱ्यावरून बघत होतो. बायकोच्या हातांकडे इतका वेळ मी लग्नाआधीही बघत बसलो नव्हतो.

"अप्पांना दसऱ्याला द्यायचं," ती म्हणाली. "आणि या वेळी जर का नुसतं 'बराय' म्हणाले ना, तर हे शेवटचं. सगळं सामान माळ्यावर."

"अगं, चेष्टा करतेस काय!"

"चेष्टा नाही. आता पुरे झालं मला."

हसून म्हणाली, पण डोळे हसत नव्हते. (कवळीवाली असल्यामुळे खरं हसू आणि बसवलेलं हसू यातला फरक तिच्या घरात मलाही कळायला लागलाय.)

इंजिन असं लखलखीत तयार झालेलं मी डोळ्यांनी पाहिलं आणि भाच्याच्या लग्नाला मुंबईस गेलो. सुलभा कामं होती म्हणून घरीच राहिली. परत आलो तो थेट खंडेनवमीच्या सकाळी. सुलभा गाडी घेऊन अप्पांना आणायला पालीला निघालेलीच होती.

"अहो, पूजेची तयारी करून ठेवा. स्कूटर धुवा, विळी, कोयती, सगळं पाटावर मांडा. माझ्या खोलीतले पक्कड-चिमटेही घ्या. पण खिडकी उघडू नका हं! मागे रस्त्याचं काम चाललंय."

"छे, छे!"

खोलीत गेलो तर स्पिरिटचा भपकारा! नाकाला रुमाल लावूनही भागेना. म्हटलं, पाच मिनिटं उघडू. खिडकी उघडली, चिमटे उचलले आणि बाहेर स्कूटर धुवायला बसलो. तेवढ्यात मातीचे डंपर एकामागून एक असे गेले, की शेजारच्या माईकाकींचं आंगण क्षणभर दिसेनासं झालं. मला खिडकी आठवली. धावत आत गेलो. टेबलावरच्या इंजिनावर झाकलेलं फडकं वाऱ्याने खाली पडलेलं आणि इंजिन...

इंजिन लाल! पायऱ्यांवर लाल धूळ, चाकांवर लाल धूळ, छपरावर काळी काजळी, बाजूने ओघळ उतरलेले. त्या निळ्या नवरदेवाची रयाच गेली होती! महिन्यांची मेहनत, अप्पा वाटेत, आणि खिडकी मी उघडलेली!

मी फुंकर मारली. ढिम्म. मऊ ब्रश फिरवला. थोडी निघाली, थोडी सांदीत बसली. इतक्यात खिडकीत माईकाकींचं डोकं उगवलं.

"अरे सुधा, कुणाला फुंकतोस रे?"

"काकी, अप्पांचं इंजिन मळलं हो!"

"मग धू की! खंडेनवमीला मळलेलं हत्यार पुजतात होय? साबणाचं पाणी घे."

मी साबणाचं पाणी घेतलं. दात घासायचा नवा ब्रश घेतला. पायरी न् पायरी, जाळी न् जाळी घासली. एवढ्या निगुतीने मी माझे स्वतःचे दात कधी घासलेले नाहीत! धूळ गेली, काजळी गेली. पण चमक काही येईना.

"खोबरेल लाव," काकी म्हणाल्या. "माझं शिवणाचं मशीन बघ. नुसत्या खोबरेलावर चालतंय."

कोकणात ज्याला खोबरेल उपाय नाही तो आजारच नाही. मी बोटभर लावलं. जाळीतून आत गेलं. म्हणून आणखी लावलं. तेही गेलं. तिसऱ्या खेपेला बाटलीच कलती केली आणि मग मात्र इंजिन असं झळकलं, की मला त्यात माझा चेहरा दिसला! (खूश दिसत होतो. बिचारा!) ते पाटावर विळी आणि कोयतीच्या मधोमध ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि दारात गाडी वाजली.

अप्पा आंगणात पाय धुवायला थांबले. सुलभा आत आली.

"हे काय?"

"बघ! आहे की नाही लख्ख?"

ती पाटापाशी बसली. माळ जराशी बाजूला केली. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "यावरची धूळ कुठाय?"

लग्नसंस्था स्थापन झाल्यापासून कुठल्याही बायकोने नवऱ्याला हा प्रश्न विचारलेला नसेल! सवाल असतो तो "ही धूळ कुठून आली" असा. मी छाती फुगवून म्हणालो, "पुसली!"

"अहो... ती मी लावली होती."

"कुणी?"

"मी! तुम्ही मुंबईला होतात तेव्हा! अप्पांचं इंजिन काय शोरूममध्ये उभं होतं? कोकणातली लाल माती उडवत गेलंय ते सारा जन्म! जांभा दळला, वस्त्रगाळ केला. समईची काजळी धरली. पाय पडतात तिथे कमी, चाकांपाशी जास्त, पावसाचे ओघळ वेगळे... वरून पक्कं करणारा थर तेवढा आज द्यायचा होता. तोच राहिला!"

"जांभा दळला? कशात?"

"मिक्सरमध्ये!"

(सकाळी पोह्यांबरोबरची चटणी कचकच का लागली, याचा उलगडा झाला. पण ती वेळ तक्रार करायची नव्हती.)

"माझ्या हातून मोठा घात झाला ग. काय करू सांग!"

"आधी माळ काढा!"

डबीच्या तळाला चिमूटभर जांभ्याची पूड उरली होती. सुलभाने ब्रशने ती चाकांवर सोडली. तेलात पडताच तिचा लाडू झाला! काजळी लावली, तर काजळ घातलेलं बाळ रडावं तसे ओघळ उतरले. बाहेर अप्पांचा तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. पूड कमी पडत होती, म्हणून मी पायपुसणं उचललं आणि इंजिनावर धरून झटकलं!

"अहो!!"

खोलीभर लाल ढग. ढग विरला, तेव्हा दारात अप्पा उभे होते. समोर गुडघ्यांवर मी, हातात पायपुसणं. माझ्या बाजूला डोक्यापासून पदरापर्यंत लाल झालेली त्यांची मुलगी. आणि आमच्या मधे ते, तेलाने निथळणारं, धुळीने माखलेलं, छपरावर झेंडूची एक पाकळी चिकटलेलं इंजिन.

अप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाला पुसला आणि पुन्हा लावला. खाली बसले. नंबर वाचला. मग त्यांचं बोट दाराखालच्या पोच्यावर गेलं आणि तिथेच थांबलं.

"दरडीचा दगड आलेला, तो हा," ते म्हणाले.

"हो," सुलभा म्हणाली.

"चालतंय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. शेवटी आम्हाला घेऊन ती आपल्या खोलीत आली, टेबलावरच्या गोल रुळांवर तिने इंजिन ठेवलं आणि देवाचं नाव घेऊन बटण फिरवलं. इंजिन घुरघुरलं, कुंथलं आणि चक्क निघालं! अर्धा फेरा झाला असेल नसेल, छपरातून बारीक धुराची रेघ वर आली. खोलीत खोबऱ्याच्या वड्या करपल्याचा वास पसरला. सुलभाने बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे गो!" अप्पा ओरडले. आम्ही दोघंही दचकलो. "राहू दे! धूर बघ, धूर! आणि हे बघ, डाव्या अंगाने तेल गळतंय! अगो सुलू, तिथूनच गळायचं! आम्ही किती वेळा लिहून दिलं, कुणाला सापडलं नाय. तुला कसं गो सापडलं?"

अप्पांनी चष्मा पुन्हा काढला, पण या वेळी पुसले ते डोळे.

"माझंच आहे हे," ते म्हणाले. "हुबेहूब. जसंच्या तसं. काय हात आहेत गो पोरी तुझे!"

लाल धुळीने माखलेल्या गालांवरून सुलभाचे दोन ओघळ उतरले. अगदी पावसाच्या ओघळांसारखे, वेगळे. वास्तविक इथे शहाण्या माणसाने तोंड मिटून पायपुसणं जागेवर नेऊन टाकलं असतं. पण बायकोचं असं कौतुक ऐकून माझ्याच अंगावर मूठभर मांस चढलं होतं आणि त्यातलं चमचाभर आपल्याही वाट्याला यावं, असा मोह झाला.

"अप्पा," मी पुढे सरसावलो, "ते तेल मात्र माझं हं!"

अप्पांनी मला नखशिखांत न्याहाळलं. पायपुसण्यावर नजर थोडी जास्त रेंगाळली. आणि लग्नानंतर पहिल्यांदाच ते माझ्याशी एका दमात एवढं बोलले:

"आमच्या शेडमध्ये पण असाच एक हौशी होता, जावईबापू! त्याने हात लावला, की नवं इंजिनसुद्धा गळायला लागायचं. शेवटी साहेबांनी त्याला चहावर ठेवला, तेव्हा कुठे गाड्या वेळेवर धावायला लागल्या!"