निवडणीच्या छपरातले दिवे

शालिग्रामशेठांच्या धुळ्याच्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, झुंबरबाई अठरा वर्षं दिवे सांभाळत होती. कापूस निवडणाऱ्या बायांच्या छपराला एका बाजूला चार खिडक्या, त्याही कापसाच्या तंतूंनी बुजलेल्या. त्यामुळे भर दिवसाही आढ्याला सोळा कंदील टांगावे लागत. तिच्या कामाची सुरुवात रोज सकाळी व्हायची. साखळीने एकेक कंदील खाली घ्यायचा, काच राखेने घासायची, वात कातरायची, वर बसलेला कापूस झटकायचा. कापसात ठिणगी पडली तर जीन राहणार नाही, हे तिला सांगावं लागलं नव्हतं. नवरा गेल्यावर पोटासाठी धरलेलं काम. पण पुढे तिला त्याचा अभिमान वाटू लागला. बायाही म्हणत, नाव झुंबर आणि काम दिव्यांचं, हिचं बारसं करणारा मोठा जाणता असला पाहिजे.

सदतीस साली दिवाळीनंतर शेठांनी जिनाच्या इंजिनावर डायनामो बसवला. जळगावहून अभिमन नावाचा वायरमन आला. तिशीतला, हसतमुख, खिशात पेन्सिल आणि हातात कागदावरचा नकाशा. चार दिवसांत त्याने कंदील उतरवून कोपऱ्यात रचले आणि आढ्याला सरळ एका रांगेत आठ बल्ब लावले. शेठांनी नारळ फोडला, बटण दाबलं. छप्पर असं उजळलं की बायांनी एकमेकींकडे नव्याने पाहिलं.

"झुंबरबाई, आता तुमची सुट्टी," शेठ म्हणाले. "उद्यापासून निवडायला बसा."

त्या रात्री घरी तिला भाकर गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी ती कमलबाईशेजारी बसली. कमलबाई त्या छपरातली सर्वांत जुनी निवडणारी. समोरच्या ढिगातून कवडी म्हणजे पिवळा पडलेला खराब कापूस, पानांचा चुरा, बोंडाची टरफलं वेगळी काढायची. तासाभरात झुंबरबाईचे डोळे चुरचुरायला लागले.

"माले काहीच दिसत नही वो," कमलबाई हळूच म्हणाली. "कंदील व्हता तवय दिसे."

आठवड्याने शेठ स्वतः छपरात आले. व्यापाऱ्याने मालात कचरा दाखवला होता. एवढा उजेड दिल्यावर आता कोणतं निमित्त, असं ते बरंच बोलले. बाया माना खाली घालून ऐकत राहिल्या. झुंबरबाईने मान खाली घातली, तेव्हा तिला मांडीतल्या पांढऱ्या कापसावर स्वतःच्याच डोक्याची काळी सावली दिसली.

शेठ गेल्यावर ती उठली. अभिमन अजून इंजिनघरात तारा ओढत होता.

"भाऊ, दिवा आम्हना डोकावर शे. हातवर आम्हनीच सावली पडस."

"अक्का, नकाशात असंच आहे," अभिमन समजुतीने म्हणाला. "वरून लावला म्हणजे उजेड सगळीकडे पसरतो."

"मंग पहिले आठे बठ. एवढा कापूस निवड."

ती त्याला हाताला धरून घेऊन आली. बाया सरकून बसल्या, अभिमन मांडी घालून बसला. मन लावून निवडलं त्याने. झाल्यावर झुंबरबाईने तोच कापूस दारात उन्हात नेला आणि त्यातून पानांचे सात तुकडे, दोन टरफलं आणि कवडीचा सुपारीएवढा गोळा काढला. बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या. अभिमनही हसला. त्याने नकाशाची घडी करून खिशात घातली.

"बरं अक्का, कुठे लावू सांगा."

तिला ते तोंडपाठ होतं, कंदील ती तिथेच सोडायची. बायांच्या दोन रांगा समोरासमोर बसत. दिवा त्यांच्या मधोमध, बसलेल्या बाईच्या डोक्याहून हातभर वर. अभिमनने तारा लांबवल्या आणि त्यांवर भार पडू नये म्हणून कंदिलांच्याच साखळ्यांना बल्ब टांगले. उजेड खाली पडावा म्हणून रॉकेलच्या डब्यांचे पत्रे कापून बल्बांना टोप्या केल्या, झुंबरबाईने त्यांना आतून चुना लावला. बटण दाबल्यावर छप्पर पूर्वीइतकं झगझगलं नाही, पण कमलबाईने ढिगात हात घालून पहिल्याच खेपेला बोटभर काडी उचलली आणि सगळ्यांना दाखवली.

शेठ पाहायला आले तेव्हा अभिमनने आढेवेढे न घेता सांगितलं, "चूक माझी होती. दुरुस्ती अक्कांनी सांगितली. आणखी एक, तापलेल्या बल्बवर कापूस साचला तर धोका आहे. रोज सकाळी वीज बंद करून कोणीतरी पुसायला हवं."

"कोणीतरी म्हणजे?" शेठांनी विचारलं, आणि झुंबरबाईकडे पाहून स्वतःच हसले.

तिला तिचं काम परत मिळालं. बल्ब बदलायला ती अभिमनकडून शिकली, आणि फुटका बल्ब काढताना वीज बंद आहे ना हे दोनदा बघायची.

दोन वर्षांनी नरडाण्याच्या एका जिनात दिवे लावायचं काम अभिमनला मिळालं, तेव्हा तो तिला न्यायला आला. तिथे ती दिवसभर निवडणाऱ्या बायांत बसली, त्यांच्याशी बोलली, आणि संध्याकाळी दिवे कुठे हवेत ते दाखवायला खडूने जमिनीवर बारा फुल्या मारून दिल्या. परत आल्यावर बायांनी तिला गराडा घातला. दिव्यांचं तिने एका वाक्यात आटपलं. मात्र येता-जाता आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत बसली होती, ती कशी उसळते, ड्रायव्हर भोंगा कसा वाजवतो आणि बैल कसे बुजतात, ते तिने आठवडाभर सांगितलं.