निजामी नाण्यावरचा पिवळा डाग

आता काय सांगू तुम्हाला, चारचौघांत स्वतःची फजिती छापून घेतलेला माणूस बघायचा असेल, तर माझ्याकडं बघा!

नोकरी सुटल्यावर मी जुनी नाणी ऑनलाइन विकायचो. घर त्यावरच चालायचं, आणि सगळी इज्जत म्हणजे गिऱ्हाइकांनी दिलेले तारे. एकदा बजाजनगरच्या काकडेंनी निजामाच्या काळचं तांब्याचं नाणं घेतलं आणि दिला की हो एकच तारा! वर शेरा: 'नकली. रंग फासलाय. कुणी घेऊ नका.' सोबतच्या फोटोत नाण्यावर लाल-पिवळे डाग.

माझं डोकंच फिरलं. इतर गिऱ्हाइकं पटापट ऑर्डरी रद्द करायला लागली. मी शेऱ्याखाली ठणकावलं, 'हा जुन्या तांब्याचा अस्सल गंज आहे. जाणकारालाच कळतो!'

काकडे लिहितात, 'मग तुमच्या फोटोत का नव्हता?'

मी लिहिलं, 'वाटेत हवा लागली!'

तुम्ही म्हणाल, काकडेंनी धुऊन बघायचं की! अहो, दुष्काळाचा उन्हाळा तो, नळाला आठवड्यानं पाणी. नाणी कोण धुतंय?

शेवटी तावातावानं काकडेंचं घर गाठलं. विहीर आटली म्हणून वैजापूरहून माझ्याकडं राहायला आलेली आईही भांडण सोडवायला सोबत निघाली.

"साहेब, तुम्हाला नाण्यातलं काय कळतं?"

"तुम्हाला लई कळतं व्हय? हे बघा!"

काकडेंनी नाणं पुढं धरलं. आईनं ते हातात घेतलं आणि तिचा चेहरा खुलला.

"अगं बया, हे तर मी लावलेलं हळद-कुंकू!"

"आई?"

"मग? घरातली लक्ष्मी परगावी चालली, तशीच धाडायची व्हय? तू चिकटपट्टी आणाया गेलतास, तवा लावलं. पाणी कशाला वाया घालू, म्हणून तेलात कालवलं."

काकडे वहिनी तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. आईनं त्याच दमात नाणं स्वतःच्या पदरानं पुसलं. माझा सगळा अस्सल गंज पदराला आला!

काकडे माणूस मोठ्या मनाचा. चहा पाजला आणि संध्याकाळी पाच तारे दिले. मी हरखून शेरा उघडला: 'नाणं अस्सल. आई त्याहून अस्सल. विक्रेत्याला तेवढी हळद ओळखायला शिकवा.'

आणि त्याच्या खालीच माझं 'जाणकारालाच कळतो' अजून झळकतंय. ते काही पदरानं पुसता येईना!