रेघाताईंची चूक

नगररचना कार्यालयात त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे. त्या रेघाताई. एकोणतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, नकाशे काढायचं. ट्रेसिंग कागदावर शाईची रेघ ओढताना त्या श्वास रोखून धरत. रेघ संपली की सोडत. "ताईंचा श्वास मोठा म्हणून आपले रस्ते लांब," असं शेजारच्या टेबलावरचा कारकून म्हणायचा, आणि त्या हसायच्या.

त्यांनी काढलेल्या हजारो रेघांपैकी एकच त्यांना स्वतःची वाटे. गावाबाहेर एक तळं आहे आणि त्याच्या पाठीशी टेकडी. ताईंना नोकरी लागून चार वर्षं झाली होती, तेव्हा मोठे साहेब कार्यालयात नवीन आले होते. तरुण होते, झपाटलेले होते. ते म्हणाले, "ही टेकडी आपण आत्ता वाचवली नाही, तर पुढे वाचवायला काही उरणार नाही." त्यांनी नियम तयार केला. टेकडीवर एका ठरावीक उंचीच्या वर एक वीटसुद्धा चढायची नाही. खाली रस्त्याच्या कडेला बांधायचं तर एकच मजला, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला तळं दिसत राहील.

नियम लिहिणं सोपं होतं. रेघ नेमकी कुठून जाणार, हे ठरवायला आठ महिने लागले. दर शनिवारी साहेब पुढे, मोजणीदार मागे आणि वही घेऊन ताई. काट्यांनी पायांना ओरखडे यायचे. कुठे झरा आहे, कुठली माती पावसात सुटते, पाणपक्षी कोणत्या बाजूला अंडी घालतात, सगळं वहीत उतरलं. साहेब म्हणायचे, "कागदावर केसभर सरकलीस, तर तिथे दहा घरं उभी राहतील." ताईंनी ते मनावर कोरून घेतलं. नकाशाच्या कोपऱ्यात साहेबांची सही झाली, आणि तिच्याखाली बारीक अक्षरात ताईंची.

नियम लागू झाल्यावर पहिल्या वर्षी जे अर्ज आले, त्यात एक ताईंच्या थोरल्या भावाचा होता.

दादाचा जमिनीचा छोटासा तुकडा होता टेकडीच्या पूर्व उतारावर. सुतारकामातून पै-पै जोडून घेतलेला. वहिनीने घराचा आराखडा मनात कधीच पुरा केला होता. स्वयंपाकघराची खिडकी तळ्याकडे, बस, एवढाच तिचा हट्ट. पण तुकडा रेघेच्या वर होता. फार नाही, बारा पावलं.

"बारा पावलांचा तर प्रश्न आहे गं," दादा म्हणाला. "रेघ तूच काढलीस ना? जरा वर घे."

ताईंना त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी त्यांनी धीर करून साहेबांना विचारलं. साहेबांनी चष्मा काढला. "सख्ख्या भावाला सोडलंस, तर परक्याला कुठल्या तोंडाने अडवशील?"

नामंजुरीचं पत्र साहेबांच्या सहीने गेलं. दादा एवढंच म्हणाला, "सगळ्यांना नाही, तर मलाही नाही. ठीक आहे." वहिनी मात्र दोन वर्षं ताईंशी बोलली नाही. दोघं सुतारशाळेच्या माडीवरच्या दोन खोल्यांत राहिली. तिथल्या खिडकीतून गोदामाचा पत्रा दिसायचा. वहिनी त्याच खोल्यांत वारली.

ताईंना याचं दुःख होतं, पण अपराधी वाटत नव्हतं. टेकडी हिरवी होती. नियम सगळ्यांना सारखा होता.

साहेब निवृत्त व्हायला सहा महिने असताना आराखड्याची फेरतपासणी निघाली. एका दुपारी ते ताईंच्या टेबलापाशी आले. "टेकडीचा मूळ कागद दे जरा. कडा फाटायला लागल्यात. नीट जतन करून घेतो."

ताईंनी कपाट उघडलं आणि कागद दिला. पोच घेतली नाही. साहेबांकडून पोच मागायची? वडिलांकडून कोणी पोच मागतं का?

साहेब निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात ताईंनी त्यांना आपले गुरू म्हटलं. त्यानंतर तीन महिन्यांनी नवा मसुदा सभागृहाच्या भिंतीवर लागला. हरकती घ्यायला लोकांना तीस दिवस होते. ताई सहज बघायला गेल्या. पूर्वेकडचा आणि दक्षिणेकडचा सगळा उतार पिवळा होता. पिवळा म्हणजे राहण्याची घरं. रेघ माथ्याजवळ जाऊन बसली होती. खाली टीप होती: 'जुन्या नकाशातील आरेखनाची चूक दुरुस्त केली आहे.'

आरेखन म्हणजे ताई. चूक त्यांची ठरली होती.

त्या तशाच साहेबांच्या घरी गेल्या. बैठकीच्या टेबलावर त्याच पूर्व उताराचं रंगीत चित्र होतं. बंगले, फुलझाडं, मध्ये पोहण्याचा तलाव. साहेब आता ते बंगले बांधणाऱ्या कंपनीचे सल्लागार होते.

"साहेब, चूक कुठे झाली माझी?"

"अगं, ती फक्त भाषा आहे. रेघ हलवायला काहीतरी कारण लिहावं लागतं."

"मग माझंच नाव?"

"तुला काय त्रास होणार आहे? नोकरी जाणार नाही, पेन्शन अडणार नाही. मी बोलून ठेवलंय."

"मूळ कागद कुठे आहे?"

साहेबांनी चहा ढवळला. "सापडत नाही म्हणे कार्यालयात."

ताई उठल्या. केसाने गळा कापणं म्हणजे काय, हे त्यांना त्या दिवशी कळलं. कापणारा हात इतका ओळखीचा असतो की आपण मान हलवतसुद्धा नाही.

त्यांनी नागरिक म्हणून हरकत नोंदवली. कार्यालयातल्या लोकांनी टेबलं बदलून घेतली. साहेबांच्या खुर्चीवरचे नवे अधिकारी म्हणाले, "ताई, कशाला विस्तवाशी खेळता?" सुनावणीच्या आदल्या दिवशी दादा आला. त्याच्या हातात नामंजुरीचं ते जुनं पत्र होतं. पत्रात साहेबांनी स्वतः लिहिलं होतं की रेघ त्यांनी पायी फिरून, तीनदा तपासून नक्की केली आहे.

"दादा, रेघ वर गेली तर तुझी जागाही मोकळी होते," ताई म्हणाल्या. "हे पत्र दिलंस, तर तुझंच नुकसान."

"माहीत आहे. घे."

सुनावणी अकरा मिनिटं चालली. अधिकाऱ्यांनी पत्र वाचलं, बाजूला ठेवलं. "मूळ नकाशा उपलब्ध नाही. पत्राची नोंद घेतली." झऱ्याच्या बाजूचा दक्षिण उतार वाचला, कारण तिथल्या नोंदींची ताईंची वही तेवढी शाबूत होती. पूर्वेचा गेला. त्या वर्षाच्या शेवटी तिथे पहिलं यंत्र चढलं.

नियमाप्रमाणे दादालाही पत्र आलं: आता बांधकामाला हरकत नाही. ते घेऊन तो बहिणीकडे आला.

"बांध की रे," ताई कशाबशा म्हणाल्या.

"कुणासाठी?"

"दादा, साहेबांनी मला फसवलं. आणि माझ्या हातून तुला, वहिनीला."

दादाने 'नाही' म्हटलं असतं, तर ताईंना बरं वाटलं असतं. पण तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. "तू जाणूनबुजून नाही केलंस," तो म्हणाला. "पण मी तिला सांगितलं होतं, नियम सगळ्यांना एक आहे म्हणून. शेवटपर्यंत तिची समजूत घालत होतो." त्याने ते पत्र तिथेच ठेवलं आणि जिना उतरून गेला. पुढचे कित्येक महिने तो यायचा, बसायचा, पण टेकडीचा विषय काढायचा नाही. ताईही काढत नसत.

ताई निवृत्त झाल्या तेव्हा निरोप समारंभ नको म्हणाल्या. नोकरीच्या नोंदपुस्तकात 'आरेखनातील त्रुटी' हा शेरा आहे. तो काढून टाकावा म्हणून त्यांनी चार अर्ज केले. चौथ्याचं उत्तर अजून यायचं आहे.

साहेब त्यांना एकदाच भेटले, डोळ्यांच्या दवाखान्यात. काठी टेकत येऊन शेजारी बसले. "बरी आहेस ना गं?" त्यांनी पूर्वीच्याच मायेने विचारलं. ती माया खरी होती, आणि ताईंना सर्वांत जास्त तेच सहन झालं नाही. त्या उठल्या आणि दाराजवळच्या बाकावर जाऊन, आपला नंबर पुकारला जाईपर्यंत बसून राहिल्या.